वरच्या आजी हसल्या नाहीत

"खालचा मजला घेऊ नकोस गं, डोक्यावर कोण नाचेल नेम नाही," असं मृणालिनी काकूंनी आश्लेषाला बजावलं होतं. काकू कॅलिफोर्नियातल्या या सनीव्हेलमध्ये मुरलेल्या. पण आश्लेषाने ते हसण्यावारी नेलं. तान्ह्या मुलीला घेऊन रोज जिन्याने स्ट्रोलर कोण चढवणार?

आणि आता रोज दुपारी तिच्या डोक्यावर पोलीस नाचत होते.

वर राहणाऱ्या कोरियन आजींकडे एकच सिनेमा असावा. जेवण झालं की तो लागायचा. पहिल्यांदा ते ओरडणं, आपटणं, काचा फुटणं ऐकून आश्लेषाने पोलिसांचा नाइन-वन-वन लावला होता. दोन खरे पोलीस वर गेले आणि हसत खाली आले. "कॉप मूव्ही, मॅम. फनी वन." तेव्हापासून तिचा नवरा केदार घरात शिरताना विचारायचा, "काय इन्स्पेक्टर, आज किती मर्डर?"

हळूहळू तो सिनेमा तिला न बघताच पाठ झाला. दोन पोलीस. एक घोगऱ्या आवाजाचा, सारखा खेकसणारा. तो नक्कीच आडदांड. दुसरा किनऱ्या आवाजात कुरकुरणारा, तो काडीपैलवान. आधी दोघांचं भांडण, मग मारामारी, मग पाठलाग, मग धडाम आणि धो धो पाणी. त्यावर लगेच आजींचं हसू. खो खो, दम लागेपर्यंत. ते ऐकल्याशिवाय आश्लेषाला दुपार झाल्यासारखी वाटायची नाही.

आज छोटी अनया मांडीवर बसून मऊ भात थुंकत होती. वर मारामारी चालली होती, नेहमीपेक्षा जरा जास्तच. धप धप धप. मग पाठलाग. मग धडाम. पाणी.

आश्लेषाचा चमचा हवेतच थांबला.

तिने केदारला फोन लावला. "अरे, वरच्या आजी हसल्या नाहीत."

"काय?"

"धडाम झालं, पण त्या हसल्याच नाहीत."

"आशू, मी मीटिंगमधून बाहेर आलोय यार. कंटाळल्या असतील. त्याच सिनेमाला किती वेळा हसणार माणूस? आणि प्लीज, परत पोलीस बोलावू नकोस."

कंटाळल्या असतील. बरोबर आहे. किंवा डुलकी लागली असेल. किंवा... हे "किंवा" एकदा मनात आलं की आश्लेषाला घास गिळवत नसे. तिने शेगडी बंद केली, दारातून परत फिरून ती बंद असल्याची खात्री केली, अनयाला कडेवर घेतलं आणि जिना चढली.

दार वाजवलं. आत घोगरा खेकसत होता. पुन्हा वाजवलं. मग मूठ फिरवून पाहिली, तर दार उघडंच. उंबऱ्याशी आजींचे बूट नीट जोडून ठेवलेले. एवढ्या धांदलीतही आश्लेषाने आपल्या चपला त्यांच्या शेजारी काढल्या आणि मग हाक मारली, "आजी! अहो आजी!" आपण मराठीत ओरडतोय हे तिच्या लक्षातही आलं नाही.

सोफा रिकामा. स्वयंपाकघर रिकामं. बाथरूमच्या दारातून तिने हळूच डोकावून पाहिलं. तेही रिकामं.

धप धप धप.

आवाज टीव्हीतून नव्हे, बाल्कनीतून येत होता.

सरकत्या काचेपलीकडे आजी उभ्या होत्या. हातात लाल मिरच्यांचं ताट, चेहरा त्या मिरच्यांसारखाच, आणि पायाने बाल्कनी बडवणं चाललेलं. चोराच्या भीतीने दाराच्या खाचेत आडवा टाकायचा लाकडी दांडा एरवी भिंतीला टेकवून ठेवलेला असायचा. वाळत घातलेल्या मिरच्या आणायला आजी बाहेर गेल्या, पाठीमागे दार ओढलं, आणि दांडा आपसूक खाचेत पडला. खाली माळ्याचं पानं उडवायचं यंत्र घोंगावत होतं, घरात सिनेमा. त्यांची हाक ऐकणार कोण? आजची जास्तीची मारामारी आजींची होती.

आश्लेषाने दांडा उचलून दार सरकवलं. तिचे डोळे भरून आले होते. आजींचं तिकडे लक्षच नव्हतं. त्यांनी ताट तिच्या हातात कोंबलं, टीव्हीकडे पाहिलं आणि कपाळावर हात मारून घेतला. धडाम होऊन गेलं होतं!

आजींनी रिमोट घेऊन सिनेमा मागे नेला. आश्लेषाला मनगटाला धरून सोफ्यावर बसवलं, अनयाला स्वतःच्या मांडीवर घेतलं आणि छातीवर बोट ठेवून तिला सांगितलं, "हालमोनी." त्याचा अर्थ 'आजी', हे विचारायची आश्लेषाला गरज पडली नाही.

पडद्यावर एकाच बेडीत अडकलेले दोन पोलीस मासळीबाजारातून पळत होते. आश्लेषा बघतच राहिली. घोगरा होता टीचभर. आणि किनऱ्या आवाजात कुरकुरणारा होता दारात मावणार नाही एवढा.

"अगं बाई! हा तो आहे?"

आजींनी काही न कळता जोरजोरात मान डोलावली आणि 'बघ, बघ आता' असं बोटाने खुणावलं. टीचभराने उडी मारली, आडदांड त्याच्यामागे फरफटला, आणि दोघं थेट माशांच्या टाकीत. धडाम.

आधी आजी हसल्या. त्यांच्या मांडीवर गदगदून हलणारी अनया त्यांच्या तोंडाकडे बघून खिदळायला लागली. मग आश्लेषा हसली, डोळे पुसत, मिरच्यांचं ताट सांभाळत. खाली तिचा फोन वाजत होता. केदार असणार. वाजू दे.

तुमच्या डोक्यावर कोण राहतं? आज त्यांचं हसू ऐकलंत का? नसेल, तर शेगडी बंद करा आणि एकदा वर जाऊन बघून या.