एक तास पाच मिनिटं

"मुंबई-कोल्हापूर चारशे किलोमीटर. एकपण कमी नाय!" धोंडूने ठणकावलं. अठ्ठावीस वर्षं त्याने त्याच रस्त्यावर एसटी चालवली होती.

"विमानाला तीनशेच पडतात, बाबा."

"मग शंभर काय उंदरांनी खाल्ले?"

वरून विमान गेलं. वाकोल्याच्या त्या चाळीत विमान आलं की शब्द तोंडातच धरायचा आणि आवाज विरल्यावर पुढे बोलायचं, असा रिवाजच होता. अनुपमाही थांबली. मग म्हणाली, "घाट नि वळणं वजा करा ना. कोल्हापूरहून एक तास पाच मिनिटांत सांताक्रूझ. शनिवारी विमान मीच आणतेय. आईला घेऊन या नि घड्याळ लावून बघा."

चाळीतली पोर पायलट झाली होती. खरं तर सहवैमानिक, पण गल्लीत हा भेद कोणी करत नव्हतं. शेजारची शकुमावशी तर जाईल त्या विमानाला गच्चीतून हात करायची. सगळ्यांनी तोंड भरून कौतुक केलं, केलं नाही ते बापाने. दुसऱ्याच्या चालवण्याबद्दल धोंडूच्या तोंडून बरा शब्द म्हणजे उंबराचं फूल. आणि अनुपमाला नेमका तोच शब्द हवा होता.

शुक्रवारी नवराबायको एसटीनेच कोल्हापूरला गेले. धोंडू ड्रायव्हरच्या मागच्या बाकावर बसला. अकरा तास त्याचा उजवा पाय नसलेला ब्रेक दाबत होता. "थर्ड टाक रे, थर्ड! गिअर टाकतोय की दगड फोडतोय?" तो पुटपुटायचा. त्याची बायको प्रेमा शेजारी मस्त डुलक्या काढत होती. तिला सवय होती.

शनिवारी सकाळी एकोणीस आसनांच्या त्या इवल्या विमानात धोंडू पहिल्या रांगेत बसला, लेकीच्या थेट पाठीमागे; मधे दारसुद्धा नव्हतं. घड्याळाला चावी दिली. पंखे फिरू लागले तसा त्याचा उजवा पाय पुढे सरकला.

अनुपमाला पाठीवर ती नजर टोचत होती. परीक्षा घेणाऱ्या साहेबांचीही इतकी टोचली नव्हती. डोंगर मागे पडले, खाडी आली. कॅप्टन म्हणाले, "उतरव तूच." वाकोल्याची कौलं खालून सरकली. शकुमावशी नक्की हात करत असणार! चाकं जमिनीला टेकली ती पाटावर वाटी ठेवावी तशी. तिने घड्याळ पाहिलं. एक तास चार मिनिटं.

ऊर भरून आला तिचा. विमान थांबलं, इंजिनं बंद झाली, तशी ती पट्टा सोडून मागे वळली. "बाबा, किती मिनिटं झाली?"

धोंडू गाढ झोपला होता. मान खिडकीला टेकलेली, तोंड उघडं, घड्याळाचा हात मांडीवर पालथा. उजवा पाय मुडपून सीटखाली गेला होता.

अनुपमाचा चेहरा पडला. "सगळा वेळ झोपले? आई, तू उठवायचंस ना गं! मला त्यांनाच दाखवायचं होतं."

प्रेमाने नवऱ्याला अजूनही हलवलं नाही. पदराने डोळे टिपत ती हळूच म्हणाली, "अगं वेडे, इतक्या वर्षांच्या संसारात दुसऱ्याच्या हातात गाडी असताना हा माणूस झोपलेला मी आज पहिल्यांदा बघतेय."