आबांनी काढलेला व्हिडिओ

शेळगावच्या कुशाबाईंना म्हणे माशाचा वास सहन होत नसे. नवरा, गेणबा, कधी भिगवणला मासे खाऊन आले, की त्या नुसत्या शर्टाच्या वासावरून ओळखायच्या आणि आंघोळ केल्याशिवाय त्यांना उंबरा ओलांडू द्यायच्या नाहीत. एक्केचाळीस वर्षांच्या संसारात गेणबांनी हे मुकाट्यानं सोसलं होतं.

यंदा ऊस तुटून गेल्यावर दोघं पहिल्यांदाच कोकणात गेली. हर्णैच्या किनाऱ्यावर पांढरी पाखरं उंचावरून पाण्यात सूर मारत होती आणि चोचीत चमचमता मासा धरून वर येत होती. गेणबा हरखून गेले.

"अगं, हे श्रेयाला दावलं पायजे," म्हणत त्यांनी मोबाईल काढला.

"तुमी काढा निवांत. मी हितं मागं टपरीच्या सावलीला बसते," कुशाबाई म्हणाल्या.

भर उन्हात स्क्रीनवर काही दिसत नव्हतं. तरी हात लांब करून, पाखरांवरची नजर न हलवता, गेणबांनी चांगला पाच मिनिटांचा व्हिडिओ काढला आणि बारामतीला कॉलेजात शिकणाऱ्या नातीला पाठवून दिला.

थोड्या वेळानं श्रेयाचा फोन आला.

 

"आबा, कॅमेरा उलटा लागला हुता, पाखरू एकबी दिसंना. तुमच्या मागं नुसती आजी दिसतीया, पयला तळलेला बांगडा संपवून दुसरा मागताना."