लाल देठ

दुपारी दोन वाजता सरबताची नववी बाटली भरली. सासूबाईंनी पातेल्याच्या तळाशी राहिलेलं अर्धा कप सरबत कपात ओतलं, फुंकर घालत प्यायल्या आणि कप पालथा घातला. घरचा नियमच तसा होता. करणाऱ्याने आधी प्यायचं. बाटल्यांना झाकणं दुसऱ्या दिवशी सकाळी, तोवर वर नुसतं फडकं.

फळं टेकडीमागच्या रानातली. काळी, वाटाण्याएवढी, घोसाने लागणारी. साखरेत आटवली की खोकल्याला बरी. त्याच रानात हुबेहूब तशीच दिसणारी दुसरी फळं असतात, ती विषारी. ओळख एकच. चांगल्याचा देठ लाल, वाईटाचा हिरवा. म्हणून फळं देठासकट घरी आणायची, टेबलावर पसरून निवडायची आणि मगच देठ काढायचे, हाही नियम सासूबाईंचाच. लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी सुनेने रानातच मूठभर देठ खुडले होते, तर त्यांनी अख्खी पिशवी तिथेच ओतून दिली होती.

या वर्षी त्या एकट्याच जाऊन आल्या आणि फळं बिनदेठाची आणली. ओझं झालं असतं, म्हणाल्या. देठांचं असं कितीसं ओझं, असं सुनेच्या मनात येऊन गेलं. पण तिला कपडे वाळत घालायचे होते.

तीन वाजता ती फडक्यातला चोथा काढायला बसली. चांगल्या फळाची बी चपटी असते, तिळासारखी. चोथ्यात एक गोल बी दिसली. तिने सगळा चोथा ताटात पसरला आणि चमच्याने बाजूला करत शोधला. आणखी चार निघाल्या.

"आई, हे बघा."

सासूबाईंनी ताटाकडे मान वळवली. "मोहरी असेल. फडकं नीट धुतलं नसशील."

"मोहरी नाहीये. पाच आहेत."

"पाच बियांनी माणूस जात असता, तर तुझ्या सासऱ्यांनी कधीच सुटका करून घेतली असती."

सुनेने डॉक्टरांना फोन केला. किती प्यायल्या, कधी, वय काय, हे त्यांनी विचारून घेतलं. फळ उकळलेलं आहे, प्रमाण थोडं आहे, बहुतेक काही होणार नाही, पण आत्ताच घेऊन आलात तर उत्तम, असं सांगितलं. आणि नजर अंधूक व्हायला लागली तर एक मिनिट थांबू नका. सासूबाईंनी यायला साफ नकार दिला. नाटकं करायला मला वेळ नाही, म्हणाल्या. नवरा कामावर होता. सुनेने शेजारच्या मास्तरांना गाडी तयार ठेवायला सांगितलं. मास्तरांनी आपल्या वाटणीची बाटली त्या नऊ बाटल्यांतलीच का, एवढं विचारून घेतलं.

मग ती सासूबाईंच्या समोर खुर्ची ओढून बसली. त्या मटार सोलत होत्या. साडेचारला विचारलं, ठीक आहे म्हणाल्या. पाचला विचारलं, तेव्हा म्हणाल्या, तू अशी टक लावून बसलीस तर मला खरंच काहीतरी होईल.

सोलताना त्या शेंगेकडे बघत नव्हत्या. अंगठा शेंगेतून सरकायचा आणि दाणे भांड्यात पडायचे. दोनदा किडका दाणाही पडला. सुनेने तो बोटाने उचलून बाजूला टाकला. सासूबाईंना ते कळलं नाही. डोळे तपासायला चला, असं वर्षभर चाललं होतं आणि दर वेळी त्यांना दुसरं काम निघायचं. मुलाने त्यांना बजावून ठेवलं होतं, दिसेनासं झालं की रानात जाणं बंद.

सहा वाजता सासूबाई म्हणाल्या, "दिवा लाव गं. काही दिसत नाहीये."

दिवा लागलेला होता. सुनेनेच तो साडेपाचला लावला होता.

तिने मास्तरांना फोन केला. मग सासूबाईंच्या हातातलं भांडं काढून घेतलं आणि त्यांच्यासमोर उकिडवी बसली.

"आई, खरं सांगा. डॉक्टर पहिलं हेच विचारतील. हे आजचं आहे, की आधीपासूनचं?"

सासूबाईंनी मांडीवरची टरफलं गोळा केली. आजचं म्हटलं, तर नऊच्या नऊ बाटल्या मोरीत जाणार होत्या. आधीपासूनचं म्हटलं, तर रान गेलं. दोघींनाही ते माहीत होतं.

"बाटल्या ओतू नकोस," त्या म्हणाल्या. "मी येईपर्यंत."

"मी काय विचारलं?"

सहा वाजून दहा मिनिटांनी मास्तरांची गाडी दारात आली. सुनेने चपला आणून खाली ठेवल्या, घाईत डावी उजवीकडे आणि उजवी डावीकडे. सासूबाईंनी खाली पाहिलं नाही. पायाने चाचपून दोन्ही चपलांची अदलाबदल केली आणि बरोबर घातल्या.