सोवळ्यातले गुडघे

"शी! फ्रीजला हातसुद्धा लावू नकोस."

मधुरिमाचा हात तिथेच थांबला. दुधाची पिशवी ओट्यावर ठेवून ती बाजूला झाली.

प्रमोदिनीबाईंनी पदर नाकाला लावला. सून काल इंदूरबाहेर महूला गेली होती. सांवेर रोडवरच्या ज्या कारखान्यात ती नोकरी करते, तिथल्या कुणाला तरी बढती मिळाली, त्याची पार्टी. पार्टीचा फोटो शेजारच्या स्पृहाने सकाळी सकाळी मोठ्या कौतुकाने आणून दाखवला. फोटोत मधुरिमा हसत होती आणि हातात कोंबडीची तंगडी होती. तेव्हापासून बाईंच्या घशाखाली चहा उतरला नव्हता.

"आंघोळ केलीय मी, आई. रात्री एकदा आणि आत्ता परत."

"आंघोळीने वरचं जातं. अंगात गेलेलं कसं निघणार?"

बाईंचा मुलगा अर्पित पोह्यांवर शेव पेरत होता. "आई, छोड ना यार. बाहेरच खाल्लं ना, घरात थोडंच आणलं?"

"तू गप बस. कोल्हापूरची मुलगी पसंत केलीस तेव्हाच मी म्हटलं होतं. लग्नाआधी कबूल केलं होतं हिने!"

"घरात खाणार नाही म्हणाले होते," मधुरिमा म्हणाली. "घरात नाहीच खाल्लं."

हे खरं होतं, म्हणूनच बाईंना जास्त झोंबलं.

परवा गौरी यायच्या होत्या. राजेंद्र नगरातल्या या घरात गौरी सुनेच्या हातून उंबरठा ओलांडतात. कुंकवाच्या पावलांवरून सून त्यांना आत आणते, आणि मग कुठे ती या घरची झाली असं मानायचं. मागच्या वर्षी मधुरिमाची नेमकी अडचण आली होती. यंदा तिने आईचं हिरवं लुगडं कोल्हापूरहून मागवून, इस्त्री करून, कपाटात टांगून ठेवलं होतं. रोज एकदा कपाट उघडून ती ते बघायची.

"गौरी स्पृहा आणेल," बाईंनी जाहीर केलं. "जिच्या अंगात कोंबडं गेलंय, तिचा हात माझ्या गौरींना लागणार नाही. तू बाहेर हॉलमध्ये बस. सोवळ्यात पाऊल टाकायचं नाही."

मधुरिमाचे डोळे भरून आले. अर्पितने प्लेट बाजूला सारली आणि मूग गिळून गप्प बसला. त्याला तेवढं एकच छान जमत असे.

"दवाखान्यात जायचंय, आई," थोड्या वेळाने मधुरिमा म्हणाली. "गाडी काढते."

हे एक मात्र मानायला हवं. सासूचं इंजेक्शन सुनेने कधी चुकवलं नव्हतं. बाईंचे गुडघे पार झिजले होते. मोठ्या डॉक्टरांनी ते बदलून घ्यायला सांगितलं होतं, आणि त्यानंतर जमिनीवर मांडी घालता येणार नाही हेही सांगितलं होतं. म्हणजे सोवळं नेसून पाटावर बसणं संपलं. खुर्चीत बसून पूजा? खुर्चीत बसून पुरणपोळ्या? त्यापेक्षा देवाने उचललेलं बरं, असं बाई म्हणाल्या. मग मधला मार्ग निघाला. गुडघ्यात वंगणासारखं एक औषध भरायचं, म्हणजे ऑपरेशन पुढे ढकलता येईल. मागच्या गौरींच्या आधी पहिलं इंजेक्शन झालं, मग चैत्रात एक, आणि आता हे. त्या जोरावर बाई पाटावर बसत होत्या आणि सगळ्या घराचं सोवळंओवळं राखत होत्या.

गाडीत त्या मागे बसल्या आणि काच खाली घेतली. सुनेचा श्वाससुद्धा त्यांना नको होता.

डॉक्टर पुष्कर तरुण होते, इंदूरचेच. सिरिंज भरता भरता त्यांनी विचारलं, "काकूजी, पहले वही सवाल. अंडी, चिकन, यांची काही अ‍ॅलर्जी?"

"शी शी शी! दर वेळी काय हे अभद्र विचारता हो? आमच्या सात पिढ्यांनी शिवलेलं नाही. विचारायचं तर हिला विचारा."

पहिल्या खेपेला तर याच प्रश्नावर बाई इतक्या भडकल्या होत्या, की डॉक्टरांनी पुढचं सगळं बाहेर मधुरिमालाच समजावून सांगितलं होतं. आत्ता ती भिंतीवरच्या सांध्याच्या चित्राकडे बघत उभी होती.

उजव्या गुडघ्यातून आधी पाणी निघालं, पिवळट आणि चिकट. बाईंनी तोंड फिरवलं. स्वतःच्या अंगातलं असलं तरी त्यांना ते बघवेना. मग दाट, काचेसारखं स्वच्छ औषध हळूहळू आत गेलं. डाव्या गुडघ्याला सुई लागली तेव्हा बाई कळवळल्या. मधुरिमाने पुढे होऊन त्यांचा हात धरला. तेवढ्या दुखण्यातही बाईंनी तो सोडवून घेतला आणि पदराला पुसला.

डॉक्टरांनी ते पाहिलं. त्यांनी दोन्ही गुडघ्यांवर गोल पट्ट्या चिकटवल्या.

"हो गया. आज-उद्या आराम करा. परवा खुशाल पाटावर बसा."

बाईंचा जीव भांड्यात पडला. गौरी पार पडणार होत्या, आणि त्याही त्यांच्या मनासारख्या. पाय थोडे हलवून बघत त्या म्हणाल्या, "देव तुमचं भलं करो. पण पुढच्या वेळी ते अंड्याकोंबडीचं नाव काढू नका बाई माझ्यासमोर. गुडघ्याचा आणि त्याचा संबंध काय?"

"विचारावंच लागतं, काकूजी," डॉक्टर हात धूत म्हणाले. "हे औषध कोंबड्याच्या तुऱ्यातूनच काढतात ना."

नळ बंद करून ते वळले. बाईंचा चेहरा बघून त्यांनी गोंधळून मधुरिमाकडे पाहिलं.

"मधुरिमाजी, तुम्ही यांना सांगितलं नाही? मी तर तुम्हाला पहिल्याच वेळी सांगितलं होतं."