मुकं काडतूस

डिंकाच्या लाडवांचा डबा परत आला तो काडतुसांनी भरून.

कमलानं झाकण काढलं आणि तशीच उभी राहिली. पन्नास काडतुसं, पितळ लख्ख घासलेलं, एकाला एक चिकटून ओळीनं उभी केलेली. झाकणावर मात्र नाव तिचं. दुकानदाराच्या डोक्यावर उभं राहून कोरून घेतलेलं.

"अहो, हे काय?"

"डोरिसनं दिलंय." भानुदास दारात बुटांचा बर्फ झटकत होता. "मी तिला म्हटलं, आमच्यात कुणाचा डबा रिकामा परत देत नाहीत. तर बिचारीनं आठवडाभर बसून भरली. माझ्या उडवलेल्या पुंगळ्या वेचून ठेवते, घासते, पुन्हा हातानं दारू भरते. एकेक!"

बिचारी! डिंक तळून लाडू वळायला कमलाचे दोन दिवस गेले होते. तिला कुणी बिचारी म्हटलं नव्हतं.

ही डोरिस म्हणजे नेमबाजीच्या रेंजवरची. सत्तरी उलटलेली, नवरा गेलेली, पांढऱ्या केसांची लांब वेणी घालणारी. दर शनिवारी भानुदास नेम धरायचा आणि ती शेजारच्या बाकावरून त्याला 'हनी' म्हणायची. आजोबांना गाडीनं रेंजवर नेणाऱ्या पायलनंच हे घरी येऊन हसत सांगितलं होतं. नातीला हसू आलं. आजीला आलं नाही.

भानुदासनं जेवणाच्या टेबलावर रिव्हॉल्व्हर काढलं. छप्पन सालचं, त्याच्याहून दोनच वर्षांनी धाकटं. निळसर काळं पोलाद, अक्रोडाच्या लाकडाची मूठ. खाली अंथरलेला तुकडा कमलाच्या जुन्या सुती साडीचा. मऊ होता म्हणून न विचारता फाडलेला.

"पायल, हे ऐक." रिकामं आहे ना ते पाहून त्यानं घोडा हळूच मागं ओढला. टिक, टिक. सहा घरांचं चाक एक घर पुढं सरकलं. "आताच्या पिस्तुलांना हा आवाज आहे का? अजून कसं बोलतं बघ!"

"बोलतं म्हणे," कमला म्हणाली. "घरात माणसं बोलतात ती ऐकू येत नाहीत."

"आजी, आर यू जेलस?"

"जळतो तो माझा तवा. मी कशाला जळू?"

भानुदास साडीच्या चिंधीनं एकेक घर पुसायला लागला. आत बोट घालून, फिरवून, उजेडात धरून, परत पुसून. उभ्या जन्मात या माणसानं स्वतःची चहाची कपबशी विसळली नव्हती.

कमलाला खोट काढायचीच होती. तिनं डब्यातलं एक काडतूस उचललं आणि नारळ घेताना हलवतात तसं कानाशी हलवलं. आत बारीक रव्यासारखं काहीतरी खुळखुळलं. दुसरं उचललं. तेही खुळखुळलं. तिसरं, चौथं.

"नारळ आहेत का ते?" भानुदास हसला.

वाजलेली काडतुसं ती टेबलावर उभी करत गेली. डबा अर्ध्याच्या खाली गेला तेव्हा ती थांबली. एक पुन्हा हलवलं. दुसऱ्या कानाशीही लावून पाहिलं.

"हे मुकं आहे."

भानुदासनं ते घेतलं, हलवलं, शेजारचं हलवलं, परत ते हलवलं. त्याचं हसू गेलं.

"यात दारूच भरलेली नाही."

"मग वाजलं नसतं. एवढंच ना?"

"फुसकन वाजलं असतं. गोळी नळीत मध्येच अडकली असती. मला कळलं नसतं, मी पाठोपाठ दुसरी मारली असती आणि नळी हातातच फुटली असती." उजव्या हाताची बोटं टेबलावर पसरून तो त्यांच्याकडं बघत बसला.

कमलानं डबा त्याच्यापासून लांब ओढला. आणि, खोटं कशाला बोला, त्याच क्षणी मनात एक गुळाचा खडाही विरघळला. सापडली बया!

"लावा तिला फोन. आम्हालाही ऐकू द्या."

भानुदासनं सांगितलं. मग डोरिस हळूहळू बोलली आणि पायल आजीला मराठीत सांगत गेली. "ती म्हणतेय, तिला आता नीट दिसत नाही. कुणाला बोलली नव्हती. आता भरणार नाही. रेंजवर पण येणार नाही. सारखी सॉरी म्हणतेय, आजी."

फोन बंद झाला. कमलाला हवं होतं ते सगळं एका फोनमध्ये पदरात पडलं.

भानुदासनं चिंधी पुन्हा उचलली. पुसून झालेलंच घर पुसायला लागला. तोंड उतरून एवढंसं झालेलं. कमलाच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हासुद्धा हे तोंड एवढं उतरलं नव्हतं. दुसऱ्या बाईसाठी पडलेलं तोंड आता रोज आपल्याच टेबलाशी बघायचं?

"पायल, परत लाव गं फोन."

"काय सांगू?"

"सांग, शनिवारी मी येणार. तिनं भरायचं, मी एकेक कानाशी लावून घ्यायचं. आणि दोघांच्या मधे मी बसणार."

भानुदासनं मान वर केली. कमलानं त्याच्याकडं पाहिलं नाही. मुकं काडतूस उचललं आणि स्वेटरच्या खिशात टाकलं.

"अगं, ते दे इकडं. मोडून टाकायला हवं."

"असू दे माझ्यापाशी," ती म्हणाली. "पुन्हा हनी म्हणाली, की हेच तिच्या कानाशी हलवीन."