एका बाजूचे केस

बुआलोयआजीने शाळेचं फाटक ढकललं तेव्हा झेंडावंदन नुकतंच संपलं होतं. पोरं अजून ओळींत उभी होती. आजी तरातरा चालत थेट रच्चनीबाईंसमोर जाऊन उभी राहिली.

"माझ्या नातीचे केस कुणी कापले?"

बाई गोंधळल्या. "कोण नात, आजी?"

"आठवीतली पिम. वेड पांघरू नका! एका बाजूचे कानापर्यंत कापले, दुसऱ्या बाजूचे तसेच ठेवले. उरलेले घरच्यांनी कापायचे आणि लाजेने मान खाली घालायची, हीच ना तुमची रीत?"

काल संध्याकाळी पिम उशिरा घरी आली, ती सरळ आरशापुढेच गेली. आरशाशेजारी आजीचा शाळेतला शेवटचा फोटो होता. लहानपणचा तेवढा एकच, म्हणून आजीच्या लेकीने भिंतीवर लावलेला. पिम कितीतरी वेळ तिथून हलली नाही. विकायचा चिकट भात केळीच्या पानांत बांधत बसलेल्या आजीने मान वर केली, आणि हातातलं पान तसंच राहिलं.

"उद्या शाळेत सगळे माझ्याकडेच बघतील, आजी," पिम हळूच म्हणाली.

"बघू देत. मीही येते उद्या."

पुढे आजीने तिला बोलूच दिलं नाही. पोरीच्या तोंडून ते ऐकवलं नसतं.

चौदा वर्षांची असताना बुआलोयला तिच्या बाईंनी अशाच ओळीतून बाहेर ओढलं होतं. केस कानाखाली बोटभर वाढले, एवढाच गुन्हा. कात्री चालली आणि सगळी शाळा हसली. बुआलोय हट्टी. तिने उरलेले केस आईलाही कापू दिले नाहीत, महिनाभर तशीच शाळेत गेली, त्या शेवटच्या फोटोलाही तशीच उभी राहिली आणि मग शाळा सोडली ती कायमची. का सोडली, ते तिने लेकीला सांगितलं नाही, नातीलाही नाही. पिम मात्र शिकणार होती, नर्स होणार होती. आता म्हणे केसांचे ते नियम उठले. नियम उठले, पण बाईंच्या हातातली कात्री काही सुटली नाही!

"आजी, आम्ही हल्ली मुलींच्या केसांना हातही लावत नाही," रच्चनीबाई म्हणाल्या आणि समजूत घालावी तसं हसल्या.

ते हसू आजीला झोंबलं. तेव्हाच्या बाईही अशाच हसल्या होत्या.

आमच्याकडे डोकं पवित्र मानतात; कुणी दुसऱ्याच्या डोक्याला हात लावत नाही, शिक्षकांच्या तर नाहीच नाही. आजीने रच्चनीबाईंचे उजवीकडचे मोकळे केस मुठीत धरले, भाताच्या पुड्यांचे दोरे कापायची कात्री पिशवीतून काढली आणि कानाशी चालवली. केस मातीत पडले. मागच्या ओळीत कुणीतरी फिसकन हसलं, मग सगळेच हसले. बाईंनी कान झाकला. त्यांचे डोळे भरून आले होते.

"आता कळलं कसं वाटतं ते?" आजी ओरडली.

"आजी!" पिम ओळ मोडून धावत आली. "काय केलंस हे? मला कुणी हात नाही लावला गं! मी काल सलूनमध्ये गेले होते. तिथल्या ताईला तुझा भिंतीवरचा फोटो मोबाईलवर दाखवला आणि म्हटलं, मला अगदी असेच हवेत, माझ्या आजीसारखे."