लाल दिवा

रत्नव्वांच्या डोळ्याचं माप पुन्हा जुळलं नाही. उद्या मोतीबिंदू आणि पडद्याला पडलेलं भोक, दोन्हींचं ऑपरेशन एकदमच होतं. आत बसवायच्या भिंगाचा नंबर या मापावरच ठरणार होता. तो चुकला तर ऑपरेशननंतरही धूसरच दिसणार.

"अव्वा, मशिनमधल्या लाल दिव्याकडंच बघताय न्हवं?" तपासणाऱ्या विद्याश्रीनं विचारलं.

"मग! एकदाबी सोडला न्हाय. सरळ बघितलं की लबाड पळतोय. डोळा जरा बाजूला नेला की घावतोय बघ."

विद्याश्री हसली. भोक पडद्याच्या मधोमध होतं, म्हणून सरळ बघितलं की दिवा नेमका त्या भोकात हरवत होता. दिवा पकडायच्या नादात अव्वांचा डोळा तिरका होत होता आणि मापही तिरकंच येत होतं.

"आता त्याला पळू द्या, अव्वा. जिथं तो दिसंनासा होतोय, तिथंच बघा."

"आणि दिसंना म्हटल्यावर डॉक्टर ऑपरेशन करत्यात व्हय?"

"दिसंना म्हणूनच करत्यात की!"

रत्नव्वांनी डोळा सरळ केला. "गेला गं दिवा."

मशिनवर लागोपाठ एकच माप येऊ लागलं.

"हां," विद्याश्री म्हणाली, "आता बरोबर बघताय."